ट्रॅक्टरचा विमा आहे. ट्रॉलीतल्या माणसांचे काय?

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. त्याच सुमारास याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी लोणीच्या माळावर, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांच्या मालकीच्या साखर कारखान्याची उभारणी चालू होती. १९५०-५१ साली त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. रस्त्यावरची गाडी आणि माळावरचा कारखाना ह्या दोन्ही गोष्टी खासगी नफ्याच्या हातून काढून समाजाच्या हाती देता येतात, असा विश्वास त्या काळी होता. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला त्या दोन्ही प्रयोगांचा सार्थ अभिमान आहे.

परंतु दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतील कोणत्याही वाडीच्या फाट्यावर पहाटे उभे राहावे, म्हणजे या अभिमानाची दुसरी बाजू दिसते. ट्रॅक्टरला जोडलेल्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या, आणि त्या साऱ्यांवर बसलेली माणसे, कडेवरच्या पोरांसह. टोळी कारखान्यावर निघालेली असते. एस.टी.च्या गाडीत तिकीट काढून बसलेल्या प्रवाशाला अपघात झाला तर त्याची किंवा त्याच्या वारसांची भरपाई देण्याची जबाबदारी कोणाची, याविषयी शंका नाही. तीच माणसे, त्याच रस्त्यावर, ट्रॉलीत बसली की मात्र ती कोणाची जबाबदारी, हे सांगायला कोणी पुढे येत नाही. ना कारखाना, ना मुकादम, ना ट्रॅक्टरमालक, ना विमा कंपनी.

या प्रश्नाचे उत्तर वाहन विम्याच्या कागदात आहे. तो कागद आपल्या चळवळीने आजवर वाचलेला नाही, ही कबुली आम्ही प्रथम देतो. उचलीच्या रकमेसाठी आपण भांडलो, तोडणीच्या दरासाठी संप केले. पण ज्या वाहनावर मजूर आपला जीव घालतो त्या वाहनाचा विमा कोणत्या प्रकारचा आहे, हे विचारण्याची सवय आपल्याला लागली नाही. ती लावून घेतली पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सक्ती कोणाच्या रक्षणासाठी?

वाहनाचा विमा सक्तीचा आहे, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण सक्ती कशाची, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील सक्तीच्या विम्याचे प्रकरण १ जुलै १९४६ पासून अमलात आले, आणि १९८८ च्या कायद्याच्या १४६ व १४७ या कलमांनी ती सक्ती पुढे चालू ठेवली. या सक्तीचा हेतू वाहनमालकाची मालमत्ता सांभाळणे हा नव्हे. सार्वजनिक रस्त्यावर यंत्र आणून जो दुसऱ्याच्या जीविताला धोका उत्पन्न करतो, त्याने त्या धोक्याची भरपाई देण्याची तरतूद आधीच करून ठेवली पाहिजे, हा तो हेतू. मालक गरीब निघाला, फरारी झाला किंवा त्याने हात वर केले, तरी रस्त्यावर चिरडल्या गेलेल्याचे घर उघडे पडू नये, यासाठी ही योजना आहे. समाजवादी विचाराला हे तत्त्व परके नाही. जोखीम एकट्याच्या नशिबावर न सोडता सर्वांनी मिळून वाटून घ्यावी, हेच तर आपण इतर क्षेत्रांतही मागत आलो आहोत.

म्हणूनच या सक्तीच्या विम्याला तिऱ्हाइताचा विमा, म्हणजे बोलीभाषेत ‘थर्ड पार्टी’, म्हणतात. विमा घेणारा मालक हा पहिला पक्ष, विमा देणारी कंपनी हा दुसरा, आणि ज्याचा या व्यवहाराशी काही संबंध नव्हता पण ज्याला वाहनाने इजा केली तो तिसरा. तिऱ्हाइताच्या मृत्यूसाठी वा इजेसाठी कंपनीने द्यावयाच्या रकमेवर १९३९ च्या कायद्यात मर्यादा होती; १९८८ च्या कायद्याने ती काढून टाकली. न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती संपूर्ण कंपनीला द्यावी लागते. मालमत्तेच्या नुकसानीसाठी प्रचलित विमापत्रांत साधारणतः साडेसात लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. हा विमा नसताना वाहन चालविल्यास पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद अथवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास चार हजार रुपये दंड, अशी शिक्षा आहे.

याखेरीज जे विम्याचे प्रकार आहेत ते बहुतांशी ऐच्छिक आहेत. आपल्या स्वतःच्या वाहनाचे नुकसान, चोरी, आग, पूर यांसाठी ‘स्वतःच्या नुकसानीचा’ विमा असतो. तो आणि तिऱ्हाइताचा विमा एकत्र घेतला की त्याला सर्वसमावेशक किंवा ‘पॅकेज’ विमा म्हणतात, आणि गावात ‘फुल्ल इन्शुरन्स’. वाहनाचा मालक स्वतः चालक असेल तर त्याच्यासाठी पंधरा लाख रुपयांच्या व्यक्तिगत अपघात विम्याची वेगळी तरतूद आहे. कारण मालक हा आपल्याच विमापत्रात तिऱ्हाईत ठरू शकत नाही. पगारी चालक, क्लीनर, माल चढविणारे-उतरविणारे हमाल यांच्यासाठी माणशी जादा हप्ता भरून संरक्षण वाढविता येते. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याचीही स्थिती समजून घेण्यासारखी आहे. नुसता कायद्यापुरता विमा असेल, तर मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपनीवर नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला. पॅकेज विमा असेल तर त्याला संरक्षण मिळते. आपले किती कार्यकर्ते रोज कोणाच्या तरी मोटारसायकलीवर मागे बसून सभांना जातात, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्यापुरता करावा.

बैलगाडीतला आणि ट्रॉलीतला

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच टोळीतील दोन जोडप्यांची कल्पना करा. एक जोडपे बैलगाडीवर ऊस वाहते. दुसरे ट्रॅक्टरच्या टोळीत आहे. पहाटेच्या अंधारात दोघेही कोपीवरून फडाकडे निघतात. मागून भरधाव येणारा मालट्रक बैलगाडीला धडकतो. बैलगाडीतला मजूर हा कायद्याच्या दृष्टीने तिऱ्हाईत आहे. ट्रकचा विमा असेल, तर त्याच्या मृत्यूची अथवा इजेची पूर्ण भरपाई कंपनीला द्यावी लागते; मेलेल्या बैलांची आणि मोडलेल्या गाडीचीही मागता येते. दुसरे जोडपे ट्रॉलीत बसलेले आहे. वळणावर ट्रॉली उलटते. धडक देणारे दुसरे वाहन नाही. येथे मजूर तिऱ्हाईत नाही, कारण तो त्याच वाहनात बसलेला होता. प्रवासीही नाही, कारण ट्रॉली प्रवासी नेण्यासाठी नाही, मालासाठी आहे. आणि ट्रॅक्टरमालकाचा नोकरही नाही, कारण त्याला उचल मुकादमाने दिलेली आहे. रस्ता तोच, काळोख तोच, दारिद्र्यही तेच. पण एकाच्या विधवेसाठी कायदा उभा राहतो, आणि दुसरीला कंपनीचा वकील ‘फुकट प्रवासी’ ठरवितो.

हे आम्ही अतिशयोक्तीने म्हणत नाही. मालवाहू वाहनातून नेल्या जाणाऱ्या माणसांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सतपालसिंग खटल्यात उदार अर्थ लावला होता. २००२ च्या डिसेंबरात आशाराणी खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरविला, आणि मालवाहू वाहनातील फुकट प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही असे ठरविले. १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले ते वाहनातून आपला माल घेऊन जाणाऱ्या मालधन्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीला. पोत्याचा धनी पोत्यासोबत बसला तर त्याची दखल कायदा घेतो. ज्याच्यापाशी स्वतःच्या हातांखेरीज काही नाही, तो बसला तर घेत नाही.

२००७ मध्ये ब्रिजमोहन या वीटभट्टीवरील मजुराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होता. विमा ट्रॅक्टरचा होता, ट्रॉलीचा नव्हता, आणि ट्रॅक्टर शेतीकामासाठी वापरला जात नव्हता. कायद्याप्रमाणे कंपनी जबाबदार नाही, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु जखमी झालेला माणूस गरीब मजूर आहे हे लक्षात घेऊन आपले विशेष अधिकार वापरले, आणि कंपनीने आधी पैसे द्यावेत व मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. न्यायालयाच्या या सहृदयतेबद्दल आदर आहेच. पण मजुराच्या घरातली चूल सर्वोच्च न्यायालयाच्या सहृदयतेवर पेटवायची, तर तिथवर जाणार किती जण? दयेने जे एकाला मिळते ते हक्काने सर्वांना मिळाले पाहिजे.

ब्रिजमोहनच्या खटल्यातील तीन अडचणी आपल्या जिल्ह्यातील ऊस वाहतुकीत जशाच्या तशा आढळतात. पहिली, ट्रॅक्टरचा विमा असतो, पण त्यामागच्या एका किंवा दोन ट्रॉल्यांचा वेगळा उल्लेख विमापत्रात नसतो. दुसरी, विमा ‘शेतीच्या वापरासाठी’ म्हणून कमी हप्त्यात घेतलेला असतो, आणि ट्रॅक्टर मात्र करार करून कारखान्याचा ऊस भाड्याने वाहत असतो. तिसरी, ट्रॉलीत बसणाऱ्या माणसांसाठी जादा हप्ता भरलेला नसतो. या तिन्ही उणिवा अपघाताच्या दिवशी उघड होतात, कारण त्याआधी विमापत्र कोणी वाचलेलेच नसते.

ट्रॅक्टरमालकालाच सारा दोष देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. तो बहुधा चार-सहा एकरांचा शेतकरी असतो. बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज काढून त्याने ट्रॅक्टर घेतलेला असतो. कर्ज देणारी संस्था ट्रॅक्टरचा सर्वसमावेशक विमा उतरविल्याखेरीज पैसे सोडत नाही. का? तर ट्रॅक्टर तिच्याकडे तारण आहे. लोखंड बुडू नये म्हणून विमा आहे. मजूरही वास्तविक तारणच असतो, उचलीपायी मुकादमाकडे. पण हे तारण बुडाले तर विमा कोणाचा नाही. उलट पुढच्या हंगामात त्याची फिरलेली नसलेली उचल त्याच्या बायकापोरांच्या अंगावर येते. आणि कंपनी सुटली म्हणजे न्यायाधिकरणाचा हुकूम ट्रॅक्टरमालकाच्या नावे निघतो. त्याची जमीन वसुलीला लागते. एका गरिबाचे घर बसले, ते सावरण्यासाठी दुसऱ्या अर्ध्या गरिबाचे घर पाडायचे, असा हा न्याय होतो. ज्याच्या चरकात हा सगळा ऊस जातो त्या कारखान्याचे नाव मात्र त्या हुकुमात कोठेही नसते.

बत्तीस लाख आणि तडजोडीची रक्कम

ट्रॉलीच्या अपघातानंतर गावात काय होते, हे सर्वांना माहीत आहे. मुकादम आणि मालक मयताच्या घरी येतात. दहाव्याचा खर्च करतात. उचल माफ केली असे सांगतात. लाख-दीड लाख रुपये हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतात. घरच्यांना वाटते, देव पावला.

कायद्याने किती मिळू शकते, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या खटल्यांत भरपाई मोजण्याची रीत घालून दिली आहे. समजा, मयत मजूर तीस वर्षांचा होता, आणि त्याचे उत्पन्न न्यायाधिकरणाने महिना पंधरा हजार रुपये धरले. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. चाळिशीच्या आतील हातावर पोट असलेल्या माणसासाठी भावी वाढीपोटी चाळीस टक्के मिळवायचे. ते झाले २ लाख ५२ हजार. चार माणसे त्याच्यावर अवलंबून असतील तर त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा करायचे. उरले १ लाख ८९ हजार. या वयासाठी गुणक सतरा. गुणाकार होतो ३२ लाख १३ हजार रुपये. अंत्यविधी, वारसांची हानी इत्यादींची ठरावीक रक्कम वेगळी. उत्पन्न कमी धरले गेले तर आकडा उतरेल, हे खरे. तरीही त्याची आणि दारात ठेवलेल्या लाख रुपयांची तुलना करून पाहावी.

येथे स्त्रियांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. हिशेबाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचे असते. बाई अपघातात गेली तर तिची कमाई किती, असा प्रश्न विचारला जातो आणि वहीत उत्तर नसते. परंतु घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या श्रमालाही मोल आहे, आणि भरपाई ठरविताना ते धरले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या कीर्ती खटल्यात पुन्हा स्पष्ट केले आहे. जी बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या बांधते आणि रात्री ट्रॉली भरून देते, तिच्या तर दोन्ही श्रमांचे मोल मागितले पाहिजे. पूर्ण कोयत्यातला अर्धा वाटा तिचा आहे, हे आपण न्यायाधिकरणापुढे ठासून सांगू तेव्हाच ते वहीतही येईल.

कारखान्याची जबाबदारी

आमची मागणी साधी आहे. तोडणी आणि वाहतुकीचा करार ज्या दिवशी होतो, त्या दिवशी ट्रॅक्टर, प्रत्येक ट्रॉली आणि तिच्यातून नेली जाणारी माणसे, या तिन्हींचा विमा झालेला असला पाहिजे. आणि माणसांच्या विम्याचा हप्ता कारखान्याने भरला पाहिजे. विमा नसलेल्या वाहनाला काट्यावर घेऊ नये. कारखाना उसाची प्रत्येक गाडी मोजतो, तिचा क्रमांक लिहितो, मालक कोण ते नोंदवतो. त्याच नोंदीत विम्याची मुदत लिहिणे अशक्य नाही.

‘मजूर आमचे नाहीत, वाहतूक संस्थेचे आहेत, मुकादमाचे आहेत,’ असे उत्तर यावर तयार असते. परंतु आपल्या धंद्याचाच भाग असलेले काम कंत्राटदाराकडून करून घेणारा मूळ मालक भरपाईच्या जबाबदारीतून सुटत नाही, हे तत्त्व १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून आपल्याकडे आहे, आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आले आहे. उसावाचून साखर होत नाही. तोडणीवाचून ऊस येत नाही. मग तोडणी हा साखरेच्या धंद्याचा भाग नव्हे, असे कोण म्हणेल? सभासदांच्या मालकीच्या कारखान्याने तरी खासगी मालकाच्या वकिलाची भाषा बोलू नये.

मजुरांना गावाहून कारखान्यापर्यंत आणि हंगाम संपल्यावर परत नेण्यासाठी एस.टी.च्या गाड्या कराराने घ्याव्यात, ही दुसरी मागणी. यात्रेसाठी, लग्नासाठी, राजकीय सभांसाठी एस.टी. भाड्याने मिळते, कोयत्यासाठी का मिळू नये? सामान ट्रॉलीतून जाईल, माणसे गाडीतून जातील. ज्या जिल्ह्याच्या रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली, त्या जिल्ह्याने हा पायंडा पाडणे शोभून दिसेल.

तिसरी मागणी सरकारकडे आहे. १४७ व्या कलमात माल आणि मालधनी यांच्याबरोबर मालवाहू वाहनातून कामासाठी नेल्या जाणाऱ्या मजुराचाही स्पष्ट उल्लेख झाला पाहिजे. मालवाहू वाहनातून माणसे नेणे हे नियमांचे उल्लंघन आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु उल्लंघन मालकाचे, आणि शिक्षा मयताच्या पोरांना, ही व्यवस्था कोणत्या नीतीत बसते? कंपनीने आधी द्यावे आणि मालकाकडून व कारखान्याकडून वसूल करावे, हा न्यायालयाने दयेपोटी दाखविलेला मार्ग कायद्याने कायम करावा.

हे मागताना एक गोष्ट विसरता कामा नये. १३ मे १९७१ रोजी सरकारने सर्वसाधारण विम्याचा कारभार हाती घेतला आणि १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार सार्वजनिक कंपन्या झाल्या. समाजाची जोखीम समाजाने उचलावी, हा त्यामागचा विचार होता. १९९९ च्या कायद्याने हे क्षेत्र पुन्हा खासगी भांडवलाला खुले झाले, आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्या चार कंपन्यांतील सरकारी मालकी निम्म्याखाली आणण्याची वाट मोकळी झाली. सार्वजनिक कंपन्यांनीही मजुरांच्या विधवांना वर्षानुवर्षे कोर्टात फिरविले, हे नाकारता येणार नाही. परंतु त्यांना जाब विचारण्याचा अधिकार नागरिक म्हणून आपल्याला होता. भागधारकांच्या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ट्रॉलीतल्या माणसाचा विमा उतरवायला लावायचे असेल, तर ते कायद्याच्या सक्तीनेच होईल.

कार्यकर्त्यांनी करावयाची कामे

कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. जे आजच करता येण्यासारखे आहे, ते थोडक्यात सांगतो.

टोळी निघण्यापूर्वी ट्रॅक्टरचे विमापत्र मागून पाहावे. मुदत संपली नाही ना, ट्रॉलीचा क्रमांक आहे का, वापर ‘शेती’ लिहिला आहे की ‘भाड्याने मालवाहतूक’, आणि माणसांसाठी जादा हप्ता भरला आहे का, या चार गोष्टी तपासाव्यात. वाहनाचा क्रमांक ठाऊक असेल तर विम्याची मुदत ‘एम-परिवहन’वर मोबाइलमध्येही दिसते. चालकाचा परवाना पाहावा. साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनासाठी हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले आहे. तेव्हा त्या सबबीवर कंपनी भरपाई नाकारीत असेल तर नमते घेऊ नये.

अपघात झाल्यास तक्रार नोंदविल्याखेरीज आणि पंचनामा झाल्याखेरीज वाहन हलवू देऊ नये. जखमींना मात्र क्षणाचाही विलंब न लावता हलवावे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळण्याची योजना आहे. तिचा आग्रह धरावा. पोलिसांनी ४८ तासांत पहिला आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठविणे बंधनकारक आहे. तो गेला की नाही याचा पाठपुरावा कार्यकर्त्याने करावा.

धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडले नाही, तरी मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी पन्नास हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत अथवा तहसीलदाराकडे अर्ज करावयाचा असतो. वाहन माहीत असेल, तर चालकाची चूक सिद्ध न करताही १६४ व्या कलमाखाली मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख मागता येतात. पण ही रक्कम स्वीकारली की १६६ व्या कलमाखालील मोठ्या दाव्याचा मार्ग बंद होतो, हे सही करण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. १६६ व्या कलमाखालील अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करण्याची अट २०२२ पासून लागू आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असले, तरी कार्यकर्त्याने सहा महिने हीच आपली मर्यादा मानावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अपघात कोल्हापूरला झाला काय किंवा कर्नाटकात झाला काय, वारस जेथे राहतात तेथील न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. पाथर्डीच्या विधवेला बेळगावच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्याचे कारण नाही. तिचा अर्ज नगर जिल्ह्यातच चालू शकतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तालुक्याच्या प्रत्येक शाखेने असे एक प्रकरण जरी शेवटपर्यंत नेले, तरी पुढच्या हंगामात अंगठा घेण्यासाठी दारात येणारे दहादा विचार करतील.

हंगाम येतो तसा जातो. पट्टा पडतो, टोळ्या परततात, गावचे मुक्काम पुन्हा माणसांनी भरतात. प्रत्येक वाडीत एखाद्या घराचे दार मात्र उघडत नाही. त्या घराला आजवर आपण सांत्वनाला गेलो. यापुढे टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी जाऊ, आणि ट्रॅक्टरमालकाला, मुकादमाला व कारखान्याला एकच प्रश्न विचारू: लोखंडाचा विमा उतरवलात, माणसांचा कधी उतरवणार?